मांडी घालणारं यंत्र

लोक सिंगापूरला खरेदीला जातात, नातवंडांना बघायला जातात, नाहीतर त्या उंच हॉटेलपुढे उभं राहून फोटो काढायला जातात. आम्ही गेलो एका गुडघ्यापायी. गुडघा उजवा, आणि माझा नव्हे, आमच्या चीफचा.

चीफ म्हणजे माझे यजमान. बोटीवरून चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त होऊन घरी आले, पण ते पद काही खाली उतरवून ठेवलं नाही. सोसायटीत चीफ, भाजीवाल्याकडे चीफ, माझ्या माहेरीसुद्धा चीफ. शेवटी मीही तेच म्हणायला लागले. उगाच कशाला वाद घाला!

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "कूर्चा संपली आहे. हाडावर हाड घासतंय. सांधा बदलावा लागेल." कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचं ते गुळगुळीत आवरण. आपला कान दुमडतो, नाकाचा शेंडा दाबला तर परत वर येतो, ती कूर्चाच, पण गुडघ्यातली जास्त कामाची.

चीफनी एकच प्रश्न विचारला. "बदलल्यावर मांडी घालता येईल?"

"शक्यतो नको. खुर्चीत बसायचं. चालाल मात्र छान."

चीफ उठले, एक्स-रे काखोटीला मारला आणि लंगडत घरी आले. त्याला दोन वर्षं झाली होती.

मांडीचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. सांगते. मी गाते आणि चीफ तबला वाजवतात. आमची हौस आपली घरगुतीच, कुणी तिकीट काढून ऐकायला यावं असं काही नाही. पण लग्न झाल्यापासून, ते घरी असले की संध्याकाळी सतरंजी पडायची आणि आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. दिवसभर कितीही तणतण झालेली असो, तिथे सगळं मिटायचं. गुडघा गेला तसा तबला खोळीत गेला. मी म्हटलं, अहो, खुर्चीत बसून वाजवा की, स्टँड मिळतात हल्ली. तर म्हणाले, "खुर्चीत बसून माणूस दाढी करून घेतो. तबला वाजवत नाही."

कपाळ माझं! आणि नवी खुळी आशा म्हणजे मुग्धा. मुग्धा माझ्या दिराची मुलगी. सिंगापूरच्या एका प्रयोगशाळेत ती कृत्रिम कूर्चा तयार करण्यावर काम करते, हे कळल्यापासून चीफनी ऑपरेशनचा विषयच बंद करून टाकला. कुणीही विचारलं की उत्तर ठरलेलं. "लायनर, म्हणजे आतलं अस्तर झिजलंय, तेवढा लायनर बदलायचा. त्यासाठी अख्खा दांडा, शाफ्ट कशाला उपटायचा? मुग्धा करतेय ना, थांबू थोडे."

थांबता थांबता मांडीचे स्नायू वाळायला लागले, काठी आली, आणि मी एकटीच मोबाइलमधल्या तबल्याबरोबर गायला लागले. तो मेला कधी चुकत नाही आणि कधी दादही देत नाही. शेवटी २०१५ साली मीच हट्ट धरला. म्हटलं, चला, जाऊन विचारूनच येऊ तिला.

बुकित पंजांग

मुग्धाचा फ्लॅट बुकित पंजांगला. तिचा नवरा नीलेश आयटीत मॅनेजर, लेक ईरा तिसरीत. विमानतळावरून घरापर्यंतचं काही सांगत नाही, गार टॅक्सी सगळीकडे सारखीच. पण तिथली ती छोटी गाडी, एलआरटी, ती मात्र सांगायलाच हवी. ती उंचावरून, इमारतींच्या अगदी अंगाला अंग घासत जाते. पहिल्याच दिवशी ईरा आम्हाला तीत घेऊन बसली आणि म्हणाली, "आजी, वॉच द विंडो, हं." आणि एकाएकी खिडकीची काच आपोआप धुरकट झाली! मला वाटलं माझा चष्माच बिघडला.

"लोकांच्या घरात बघायचं नाही ना, म्हणून," ईराने सांगितलं. "रूड, ला." तिथे वाक्याच्या शेपटाला हा 'ला' लावतातच.

इमारती मागे पडल्या तशी काच परत स्वच्छ. मी चीफना म्हटलं, आपल्या सोसायटीच्या कट्ट्यावर अशी काच बसवली तर निम्म्या बायका दुपारी काय करतील? चीफ हसले नाहीत. ते गाडी वळताना होणारा चाकांचा आवाज ऐकत होते. "बेअरिंग बघायला हवं," एवढंच म्हणाले.

रात्री जेवायला टेबल. मुग्धाने हौसेने वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर सगळं केलं होतं. ईरा काट्याने वरणभात खात होती, ते बघून माझा जीव कासावीस झाला, पण पाहुण्याने गप्प बसावं. जेवण झाल्यावर मुग्धा म्हणाली, "काकू, म्हण ना काहीतरी. काका, डबा देऊ वाजवायला?"

फरशी गुळगुळीत, गार. चीफनी त्या फरशीकडे बघितलं आणि म्हणाले, "प्रवास झालाय. उद्या बघू." मी एकटीनेच, सोफ्यावर बसून, एक भजन म्हटलं. अर्ध्यातच थांबले खरं तर. दमट हवेने घसा धरला असं सांगितलं.

दमट हवा मात्र तीच, पूर्वीची! लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी चीफबरोबर बोटीवर होते, तेव्हा ते सेकंड इंजिनीअर. आमची बोट सेम्बावांगच्या गोदीत दुरुस्तीला लागली आणि आम्ही दोन महिने इथे अडकलो. गोदीजवळ एका मलाय बाईंच्या घरात खोली घेऊन राहिलो. खोलीत एक चटई, एक स्टोव्ह आणि तबला. हवेने तबल्याची पुडी सैल पडायची, म्हणून चीफ सकाळी तबला कामावर घेऊन जायचे, इंजिनरूममध्ये उबेला ठेवायचे आणि संध्याकाळी काखेत मारून परत आणायचे. गोदीतले लोक हसायचे. मालकीणबाई केळ्याची भजी तळून दारात आणून ठेवायच्या आणि उंबऱ्याशीच बसून आमचं गाणं ऐकायच्या. माझ्या आयुष्यात त्याहून सुखाचे दोन महिने नाहीत. हे मी चीफना कधी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही वाटली नव्हती.

तोआ पायोह

मुग्धा आधी तोआ पायोहला राहायची. तिथल्या बाजारातली मटणवाली आंटी तिने अजून सोडलेली नाही. आता आमच्या घरात अंड्यापलीकडे कुणी गेलेलं नाही, आणि मुग्धाही तशीच. तरी शनिवारी सकाळी ती आम्हाला बाजारात घेऊन गेली आणि सरळ डुकराच्या मटणाच्या गाळ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"नी, फ्रेश, फ्रेश!" आंटीने तिला बघताच खालून एक पिशवी काढली. "युअर नीज. आय कीप फॉर यू."

पिशवीत डुकराचे गुडघे. अख्खे.

"ही युअर फादर?" आंटीने चीफकडे हनुवटी केली. मुग्धा म्हणाली काका आहेत. आंटीने काठी बघितली, मग गुडघा बघितला, आणि म्हणाली, "आयो! यू मस्ट बॉइल सूप फॉर हिम. फोर अवर. एव्हरी वीक यू बाय, बट युअर अंकल वॉक लाइक दॅट?"

तिची समजूत अशी की मुग्धा दर आठवड्याला त्या गुडघ्यांचं सूप करते. मुग्धाने तिला खरं कधी सांगितलेलं नाही. "प्रयोगाला नेते म्हटलं तर ती चांगले गुडघे का देईल?" असं तिचं म्हणणं. बाई हुशार आहे आमची.

मग वरच्या हॉकर सेंटरमध्ये आम्ही काया टोस्ट खाल्ला. काया म्हणजे नारळ-अंड्याचा हिरवट जॅम. मला तो आपल्या नारळाच्या वड्यांच्या पाकासारखा लागला आणि मी दोनदा मागवला. चीफचं लक्ष खाण्यात नव्हतं. खुर्चीखाली ठेवलेल्या पिशवीकडे ते सारखे बघत होते. आणि मला कळलं की हा माणूस सोबत तो एक्स-रे घेऊन आलाय. पुण्याहून. पाठीवरच्या पिशवीत, पुठ्ठ्यात घालून. मला न सांगता.

प्रयोगशाळा

शनिवार असल्यामुळे प्रयोगशाळा रिकामी होती. मुग्धाची प्रोफेसर मात्र होती, एक बुटकीशी चिनी बाई, पन्नाशीची, पायात सपाता. "अंकल, आंटी, कम, कम," म्हणून तिने आमच्यासाठी दोन स्टुलं पुसून दिली.

मुग्धाने हातमोजे घालून डुकराचा गुडघा उघडला. मी तोंडाला पदर लावून लांब उभी राहणार होते, पण काय सांगू, आत जे दिसलं ते इतकं सुंदर होतं की मी पुढे सरकले. हाडाचं टोक पांढरंशुभ्र, किंचित निळसर, ओलसर चकाकणारं, पाण्यातून आत्ताच काढलेल्या मोत्यासारखं. चीफना हातमोजा दिला. त्यांनी बोट फिरवलं. बोट घसरतच गेलं.

"वंगण कुठाय?" त्यांनी विचारलं. "तेलाचं काहीतरी असेल ना?"

"तेल नाही काका. ह्यात बरंचसं पाणीच आहे. दाब पडला की पाणी बाहेर यायला बघतं, सहज येऊ शकत नाही, आणि तेच पाणी सगळा भार उचलतं. दाब गेला की परत आत."

चीफच्या तोंडावर असा उजेड मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. "अगं, पाण्यावर चालणारं बेअरिंग! सेम्बावांगच्या आमच्या बोटीला तेच होतं. प्रोपेलरच्या शाफ्टभोवती लाकडाच्या पट्ट्या, अशा लाकडाच्या की पाण्यात बुडेल, आणि समुद्राचंच पाणी वंगण!" मग प्रोफेसरबाईंना इंग्रजीत सगळं परत सांगितलं, हात फिरवून फिरवून. बाईंना मजा वाटली. मुग्धाने एका बाटलीतून आपला माल काढला, अंगठ्याच्या नखाएवढी पांढुरकी चकती. हातात घेतली तर शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखी लागली, पण दाबून बघा, तुटायचं नाव नाही. "हे आम्ही केलेलं," मुग्धा म्हणाली.

मग चीफनी पिशवीतून एक्स-रे काढला. टेबलावरच्या दिव्याला लावला. पँट गुडघ्यापर्यंत वर केली, लहान मूल लस टोचून घ्यायला बसतं तसे स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मुग्धा, मी तयार आहे. कधी बसवतेस बोल. माणसावर करून बघायचं असेल तर माझ्यावर कर. काकूची ना नाही."

काकूला कुणी विचारलं होतं! पण त्या क्षणी खरंच माझी ना नव्हती. मीही मुग्धाच्या तोंडाकडे बघत राहिले.

मुग्धाने एक्स-रेकडे बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "काका, हे आहे ना, हे खड्डे बुजवायला आहे. तरुण माणूस खेळताना पडला, एवढासा तुकडा निघाला, बाकी सगळं नीट आहे, त्याच्यासाठी. तेही अजून नक्की नाही. हाडाला हे नीट चिकटतच नाही, तिथेच आम्ही अडलोय. आणि तुमचा... तुमचा खड्डा नाहीये काका. रस्ताच गेलाय. हाडाचा आकार बदललाय, पाय बाहेर वाकलाय. ह्याच्यावर मी काही बसवलं तर महिन्याभरात चुरा होईल."

चीफ म्हणाले, "म्हणजे लायनरचं काम नाही. शाफ्टच खराब झालाय."

"हो काका."

"आणि थांबलो तर?"

"तुमच्यासाठी नाही होणार, काका. मी खोटं कशाला सांगू तुम्हाला!"

त्यांनी पँट खाली केली. एक्स-रे पुठ्ठ्यात घालताना कोपरा दुमडला, तो त्यांनी पुन:पुन्हा सरळ केला. मला रडू आवरेना. त्या एका चकतीवर आम्ही दोन वर्षं काढली होती. मी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत बसले.

खोलीत कोपऱ्यात एक यंत्र चालू होतं. ठक, सुंई, ठक, सुंई. विषय बदलायला म्हणून चीफनी विचारलं, हे काय? प्रोफेसरबाई म्हणाल्या, हा आमचा चालणारा गुडघा. ह्यात चकती बसवतो आणि ती किती झिजते ते बघतो. हा चालतो, जिने चढतो, खुर्चीतून उठतो.

"अँड मांडी?" चीफनी विचारलं.

बाईंना कळेना. मुग्धा इंग्रजीत समजावायला लागली आणि मध्येच थांबली. मला म्हणाली, "काकू, आम्ही हे कधी बघितलंच नाही गं. मीसुद्धा नाही. माझ्या घरात रोज जेवायला पाटावर बसायचो आम्ही, आणि मला सुचलं नाही."

आता ह्यांना शब्दांनी काय सांगायचं? मी पर्स स्टुलावर ठेवली, साडी सावरली, आणि तिथे प्रयोगशाळेच्या फरशीवर फतकल मारून बसले. मग नीट मांडी घातली. मग हात न टेकता उठले. बासष्टाव्या वर्षी! म्हटलं बघा, ही मांडी.

प्रोफेसरबाई सपाता काढून माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि माझ्या गुडघ्यांकडे टक लावून बघायला लागल्या. "आंटी, अगेन कॅन?"

"कॅन," मी म्हटलं. ईराकडून तेवढं शिकले होते.

पाच-सहा वेळा बसवलं मला. शेवटी म्हणाल्या, आमच्याकडे चाल मोजायची कॅमेऱ्यांची खोली आहे, तुम्ही जायच्या आधी याल का? मी चीफकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

सेम्बावांग

पुढचे दोन दिवस ईरा चीफना पत्ते खेळायला बोलवायची, ते खेळायचे आणि हरायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच म्हणाले, "सेम्बावांगला जाऊन येऊ."

आमचं घर सापडलं नाही. ते सापडणार नव्हतंच. तिथे आता फ्लॅटच्या उंच इमारती, खाली मुलांची घसरगुंडी, वाळत घातलेले कपडे. गोदी आहे, पण आपल्याला आत कोण सोडणार! कुंपणाबाहेरून क्रेनची टोकं दिसली. चीफ कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभे राहिले. मला वास ओळखीचा वाटला, रंगाचा आणि गंजाचा. केळ्याची भजी मात्र सगळीकडे शोधून मिळाली नाहीत. म्हणजे मिळाली, पण पॅकेटातली.

मुग्धाने सांगितलं होतं म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो. तुम्ही वज्रेश्वरीला गेला असाल तर तसलं काही डोळ्यासमोर आणू नका. देऊळ नाही, कुंड नाही. लष्कराच्या हद्दीला लागून एक कुंपण घातलेली वाट, शेवटी सिमेंटचा ओटा आणि त्याला नळ. नळातून वाफाळतं पाणी. आणि सगळीकडे प्लास्टिकच्या बादल्या, टोपल्यासारखे टब, आणि त्यात पाय सोडून बसलेले म्हातारे लोक. चिनी, मलाय, एखाददुसरा तमिळ. जगातले सगळे दुखरे गुडघे तिथे जमा झाले होते. कुणी बादलीत अंडी टाकून उकडत होतं.

एका चिनी अंकलने आपली जादा बादली चीफपुढे सरकवली. चीफनी पाय सोडला आणि हुश्श केलं. अंकलच्या दोन्ही गुडघ्यांवर उभे वण होते, लांबलचक.

"चेंज ऑलरेडी," अंकल वणांवर थापटी मारून म्हणाले. "टू साइड. मेटल. नाउ आय गो मार्केट, आय डान्सिंग. ओन्ली नीलिंग कॅनॉट." मग कळलं की अंकल पूर्वी ह्याच गोदीत फिटर होते. मग काय विचारता! दोघांनी बोटींची नावं, इंजिनांची नावं काढली. एकही ओळखीचा माणूस निघाला नाही, पण त्याने काही बिघडलं नाही.

चीफना रंग चढला. आमच्या त्या बोटीची गोष्ट त्यांनी सुरू केली. ती मी इतक्यांदा ऐकली आहे की मला पाठ आहे. शाफ्ट हादरत होता. आमच्या चीफनी, तेव्हा ते सेकंडच होते, सांगितलं, बेअरिंगच्या पट्ट्या संपल्यात, बोट गोदीत घ्या. ऑफिस म्हणालं, एक फेरी अजून. कॅप्टन म्हणाला, एक फेरी अजून. चीफ म्हणाले, मी ह्या बोटीवर पाऊल ठेवणार नाही. शेवटी गोदीत घेतली, आणि बघितलं तर शाफ्टला ओरखडे पडायला नुकती सुरुवात झाली होती. आणखी एक फेरी झाली असती तर शाफ्ट गेला असता.

"आय टोल्ड देम," चीफ आवाज चढवून म्हणाले, "ओन्ली अ फूल सेज वन मोअर ट्रिप, वन मोअर ट्रिप, व्हेन द..."

आणि थांबले.

बादलीतल्या स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिले. बाहेर वाकलेला, सुजलेला गुडघा. अंकल वाट बघत होते पुढचं ऐकायची. मी शेजारच्या बादलीवाल्याने दिलेलं अंडं सोलत होते. वर बघितलं नाही आणि तोंडही उघडलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी अक्कल आली आहे मला.

"देन?" अंकलनी विचारलं.

"देन वी डॉक्ड," चीफ हळू आवाजात म्हणाले.

परत येताना बसमध्ये त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. पुण्यात कधी ठेवला नसता, बसमध्ये तर नाहीच. "डॉक्टरांना फोन लाव परवा पोचल्यावर," म्हणाले. मी विचारलं, आणि तबला? तर म्हणाले, "तो विषय संपला आता."

मला हायसं वाटलं, आणि वाईटही. दोन महिने, ती चटई, ती काखेतून आलेली उबदार पुडी, सगळं त्या बसमध्ये माझ्या शेजारी बसलं होतं आणि त्यातलं काहीच परत येणार नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी कॅमेऱ्यांच्या खोलीत गेले. मुग्धाने माझ्या कंबरेपासून घोट्यापर्यंत चमकणारे गोळे चिकटवले. साडी चालेना, म्हणून तिची खेळायची तुमान घालावी लागली. ती मला कुठे कशी बसली होती ते इथे लिहीत नाही. मी मांडी घातली, उठले, मांडी घातली, उठले. चीफ खुर्चीत बसून बघत होते. मध्येच म्हणाले, "घाई करू नकोस. गायला बसतेस तशी बस." मग मी डोळे मिटले, समोर सतरंजी आहे असं समजले आणि तशी बसले. प्रोफेसरबाई म्हणाल्या, "दिस वन. दिस वन बेस्ट."

घरी

ऑपरेशन झालं. चीफ आता काठीशिवाय टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात आणि वाटेत सगळ्यांना थांबवून धातूचा सांधा कसा बसवतात ते सांगतात. डॉक्टरांनाही त्यांनी दोन सूचना केल्या म्हणे. पण तबला खोळीतच होता. संध्याकाळी मी सतरंजी टाकून मोबाइलच्या तबल्याबरोबर बसायची, आणि चीफ आतल्या खोलीत पेपर उघडून बसायचे. पान उलटल्याचा आवाज यायचा नाही.

मग एका संध्याकाळी मुग्धाचा व्हिडिओ आला. प्रयोगशाळेतलं तेच यंत्र. खाली तिने लिहिलं होतं, "काकू, ही तुझी मांडी. आता इथे सगळे हिला आंटी म्हणतात." यंत्रातला गुडघा हळूहळू दुमडला, बाहेर वळला, खाली टेकला, थोडा थांबला, आणि वर आला. तो थांबलाय तो थोडासा वेळ मी ओळखला. बसल्यावर साडीचा काठ सारखा करायला मी तेवढीच थांबते. कितीतरी वर्षांनी कुणाच्या तरी गुडघ्यात बसवायची चकती तिथे माझ्याबरोबर बसत होती, उठत होती, दिवसभर.

चीफ बाहेर आले. "काय आहे?"

मी फोन टेबलावर टेकवून ठेवला. त्यांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग मान तिरकी करून नुसता आवाज ऐकायला लागले. ठक... सुंई... ठक. मांडीवर त्यांचं बोट हलायला लागलं, ते त्यांना कळलं नसावं.

"दादऱ्यात बसतंय हे," म्हणाले. "पण लय रेंगाळतेय. तुझीच सवय उचलली आहे मेल्याने."

"माझी लय नाही रेंगाळत," मी म्हटलं.

ते उठले. कपाटावरून तबला-डग्गा काढला, चहाच्या टेबलावर उशी ठेवून त्यावर मांडला आणि खुर्ची ओढली. हातोडी शोधली. पुडी पार उतरली होती, बराच वेळ ठोकत बसले. मी मोबाइलमधला तबला लावलाच नाही, तो व्हिडिओच पुन:पुन्हा चालू ठेवला आणि नेहमीसारखी सतरंजीवर टेकायला लागले.

"खाली कुठे चाललीस?" चीफ म्हणाले. "तिथून तू मला दिसायची नाहीस. वर ये, बरोबरीने बस."

मी खुर्ची घेतली. पाय खाली सोडून गायची सवय नाही, श्वास कुठून घ्यावा कळेना. समोर फोनमध्ये माझा गुडघा सावकाश दुमडत होता. मी सुरुवात केली. तो खाली टेकला, आणि त्याच क्षणी चीफनी समेवर थाप मारली.